तुम्ही व्हा पुढे, मी येते

(मैत्रिणींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी विचारलं, मी कशावर बोलू? महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, त्यावर बोलते. तर म्हणाल्या, "नको, ते तुमचं बर्फावरचं चालणं सांगा." म्हणजे इतकी वर्षं केलेल्या कामापेक्षा एका दिवसाची सहल जास्त गाजली! पण खरं सांगायचं तर त्या एका दिवसाचा विचार मीही अजून करते आहे.

ही गोष्ट २०१७ च्या जुलै महिन्यातली. मी तेव्हा ६३ वर्षांची होते. मुलगी नॉर्वेत, बर्गन शहरात नोकरीला होती. बाळंतपणासाठी परदेशी जाणाऱ्या आया पुष्कळ असतात. मी मात्र बाळंतपण वगैरे काही नसताना, नुसतीच गेले. त्यावरही नातेवाइकांत चर्चा झाली. "मग तिथे जाऊन करणार काय?" मुलीनं ठरवूनच टाकलं होतं, "आई, आपण हिमनदी बघायला जायचं. होडीतून जायचं आणि मग तिच्यावर चालायचं."

मी घरी फोन केला. यजमान म्हणाले, "तू? बर्फावर? गुडघ्यांचं काय? तू आपली होडीत बस आणि लांबून बघ." आवाजात राग नव्हता, काळजीच होती. पण आपल्यातल्या बहुतेकजणींचं आयुष्य अशा काळजीनंच आखून दिलेलं असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

बर्गनहून निघालो. वाटेत सोग्नेफ्योर्ड लागतो. फ्योर्ड म्हणजे डोंगरांच्या मध्ये आत घुसलेली समुद्राची चिंचोळी पट्टी. हजारो वर्षांपूर्वी हिमनद्यांनीच कोरून काढलेल्या या दऱ्या. नंतर त्यांत समुद्राचं पाणी भरलं. तो ओलांडून योस्तेदाल नावाच्या खोऱ्यात गेलो. या खोऱ्याच्या डोक्यावर योस्तेदाल्सब्रेन नावाचा बर्फाचा प्रचंड विस्तार आहे. युरोपच्या मुख्य भूमीवरची ही सर्वांत मोठी हिमनदी, साडेचारशे चौरस किलोमीटरच्या आसपास. तिला अनेक फाटे आहेत. त्यांतला एक म्हणजे निगार्ड्सब्रेन. आम्ही गेलो तो तिथे.

हिमनदी म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण मलाही ते नीट माहीत नव्हतं. शाळेत भूगोल शिकवला, पण तो पुस्तकातला. उंचावर हिवाळ्यात जेवढं हिम पडतं तेवढं उन्हाळ्यात वितळत नाही. थरावर थर साचतात. वरच्या थरांच्या वजनानं खालचं हिम दाबलं जातं, त्यातली हवा निघून जाते आणि कठीण बर्फ होतो. हा बर्फ स्वतःच्याच भारानं उताराकडे सरकायला लागतो. ताटातली काकवी ताट कलतं केलं की कशी सावकाश सरकते, तसं. सरकताना खालचा खडक खरवडला जातो, त्याचं पीठ होतं. म्हणून हिमनदीतून निघणारं पाणी स्वच्छ नसतं. तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं गढूळ, वर हिरवट झाक असलेलं.

सकाळी सगळ्यांना एक कागद भरायला दिला. नाव, वय, काही आजार आहे का, अपघात झाल्यास कुणाला कळवायचं. मी तो कागद उलटसुलट करून बघत होते. मुलगी म्हणाली, "आई, काय शोधतेस?" मी नवऱ्याच्या नावाचा रकाना शोधत होते! ६३ वर्षांत असा एकही अर्ज भरल्याचं मला आठवत नव्हतं, ज्यात वडिलांचं किंवा पतीचं नाव लिहायला जागा नाही. तिथे तो रकाना नव्हताच. मी जाणार की नाही, हे फक्त मीच लिहून द्यायचं होतं.

आमच्याबरोबर जी वाटाड्या होती ती पंचविशीच्या आतली एक मुलगी. आता बघा, 'वाटाड्या' हा शब्द पुल्लिंगी. वाट दाखवणारी बाई असेल तर तिला काय म्हणायचं, याची आपल्या भाषेला कधी गरजच पडली नसावी. मी तिला वाटाडीच म्हणणार आहे. तर या वाटाडीनं पहिल्यांदा काय सांगितलं असेल? "पुढचे चार-पाच तास संडास नाही. इथे जाऊन या. मध्ये लागली तर लाजू नका, मला सांगा, आम्ही पाठ करून उभे राहू." मला इतकं हायसं वाटलं! किती सहलींना, किती मोर्च्यांना आपण पाणी न पिता गेलो आहोत! एकेकाळी अमेरिकेचं नौदल स्त्री-संशोधकांना अंटार्क्टिकावर घेऊन जायला तयारच नव्हतं. तिथे बायकांची सोय नाही, हे त्याचं एक कारण दिलं जाई. १९६९ साली त्यांना ते धोरण सोडावं लागलं. आपल्या देशातून अदिती पंत आणि सुदीप्ता सेनगुप्ता या दोघीजणी १९८३ साली, भारताच्या तिसऱ्या मोहिमेत तिथे पोचल्या. त्यांतल्या अदिती पंत आपल्या नागपुरात जन्मलेल्या. सोय नाही म्हणून अडवणं आणि सोय काय करायची ते आधी सांगणं, यांत फरक आहे.

मग होडी. हिमनदीच्या पुढ्यात एक तळं आहे, ते होडीनं ओलांडायचं. होडीचं नाव 'योस्तेदाल्सरीपा'. मी त्याचा अर्थ विचारला. तिथली एक दंतकथा आहे. चौदाव्या शतकात काळ्या प्लेगची साथ आली, तेव्हा काही लोक या खोऱ्यात येऊन लपले. बाहेरच्यांनी आत यायचं नाही, निरोप असला तर चिठ्ठी एका दगडाखाली ठेवायची, असं ठरलं. तरी साथ आत शिरलीच. सगळे मेले. एक लहान मुलगी तेवढी वाचली, रानात एकटी राहिली. लोकांना सापडली तेव्हा ती पाखरासारखी बुजरी झाली होती, म्हणून तिचं नाव पडलं योस्तेदालची रीपा. रीपा हा तिथल्या डोंगरातला तितरासारखा पक्षी. त्या पोरीच्या नावाच्या होडीतून आम्ही निघालो.

पाणी ओलांडायला काही मिनिटंच लागली. समोर निळसर बर्फाची जीभ डोंगरावरून खाली उतरलेली. बर्फ निळा का दिसतो? जाड, हवा नसलेला बर्फ प्रकाशातला तांबडा रंग शोषून घेतो, निळा तेवढा बाहेर येतो. मी बघत होते, तेवढ्यात वाटाडी म्हणाली, "आपण आत्ता जिथे आहोत ना, इथे पूर्वी बर्फच होता." हे तळं साधारण १९३० नंतर हळूहळू उघडं पडत गेलं आणि १९६०च्या दशकाच्या शेवटी बर्फानं ते पुरतं सोडलं. माझा जन्म १९५४ चा. म्हणजे मी जन्मले तेव्हा या तळ्याचा काही भाग अजून बर्फाखाली होता. माझ्या एका आयुष्यात एवढं घडलं.

उलटंही घडलेलं आहे. अठराव्या शतकात थंडीचा काळ होता, तेव्हा हीच हिमनदी पुढे पुढे येत गेली. शेतं, कुरणं गिळली. लोकांचे शेतसारे कमी करावे लागले. १७४८ च्या सुमाराला तिनं निगार्ड नावाचं आख्खं शेतघर उद्ध्वस्त केलं. हिचं नाव त्या घरावरूनच पडलं आहे. तिथल्या मत्थियास फॉस नावाच्या पाद्र्यानं हा सगळा प्रकार लिहून ठेवला, म्हणून आज तो माहीत आहे. माझ्या मनात आलं, त्या घरातली चूल कुणी हलवली असेल? गुरं कुणी सोडली असतील? तिथून आजवर ही हिमनदी चार किलोमीटरांहून जास्त मागे गेली आहे. मध्ये १९९०च्या आसपास हिवाळ्यात भरपूर हिम पडलं म्हणून काही वर्षं पुन्हा थोडी पुढे आली होती. पण नंतर ती मागेच सरकते आहे.

होडीतून उतरल्यावर खडकावरून चालत बर्फाच्या तोंडाशी गेलो. खडक घासून गुळगुळीत झालेला, त्यावर लांबच लांब ओरखडे, नख ओढल्यासारखे. तोंडापाशी दोरी लावून धोक्याची पाटी होती. २०१४ च्या ऑगस्टमध्ये इथेच बर्फाचा कडा कोसळून दोन पर्यटक मृत्यू पावले. वाटाडीनं ते लपवलं नाही. म्हणाली, "बर्फ सरकत असतो, तो कधी तुटेल ते मलाही सांगता येत नाही. म्हणून आपण तोंडाखाली उभं राहायचं नाही, बाजूनं वर चढायचं."

बुटांना लोखंडी काट्यांचे तळवे बांधले, हातात छोटी कुऱ्हाड दिली, कमरेला पट्टा. आणि सगळ्यांना एका दोरात ओवलं. आम्ही अकराजण होतो. दोन कॉलेजची मुलं, एक जोडपं, कुणी कुणी. वाटाडी पुढे आणि तिच्या लगेच मागे मी. मला वाटलं, माझ्या वयाकडे बघून मान दिला असेल. तर नाही. ती म्हणाली, "जी सगळ्यांत हळू चालते ती माझ्या मागे. तिच्या चालीनं सगळे चालतील." दोराचे नियमही सांगितले. फार ढिला सोडायचा नाही, पुढच्याला ओढायचं नाही, दोरावर पाय द्यायचा नाही, कारण काट्यांनी तो कापला जातो. आणि कुणालाही थांबावंसं वाटलं तर मोठ्यानं सांगायचं.

मैत्रिणींनो, आता मी मुद्द्यावर येते. आमच्या लग्नानंतर यजमान आणि त्यांची मित्रमंडळी दर महिन्याला सिंहगडावर जायची. मीही जायची. पहिल्या चढावरच मागे पडायची. ते थांबायचे, घड्याळाकडे बघायचे आणि मग मी म्हणायची, "तुम्ही व्हा पुढे, मी येते." कुणी मला असं म्हणायला सांगितलं नव्हतं. मीच म्हणायची, समजूतदारपणे. मी वर पोचेपर्यंत त्यांचं दही-पिठलं खाऊन झालेलं असायचं, खाली निघायची तयारी असायची. एक दिवस मी जायचंच बंद केलं. हे वाक्य मी नोकरीत बढतीच्या वेळी म्हटलं, पुढे शिकायची वेळ आली तेव्हा म्हटलं. तुमच्यातल्या कितीजणींनी म्हटलंय? हात वर करू नका, मला दिसतायत.

बर्फावर अर्धा-पाऊण तास चाललो असू. एका ठिकाणी उतार अचानक वाढतो, तिथे बर्फ ताणला जाऊन त्याला भेगा पडतात. त्यांतली एक ओलांडायची होती. रुंदी पायरीएवढीच, पण आत बघितलं तर निळा रंग खाली खाली काळा होत गेलेला आणि तळाशी कुठेतरी पाण्याचा आवाज. माझे पाय थरथरायला लागले. तोंडातून नेहमीचं वाक्य आलं. मराठीतच आलं. "तुम्ही व्हा पुढे." मुलगी मागून हसून म्हणाली, "आई, कसे होणार पुढे? आपण बांधलेले आहोत!"

खरंच की! कुणालाच पुढे जाता येत नव्हतं. मग मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं, "थांबा." दहाजण थांबले. कुणी घड्याळ बघितलं नाही. वाटाडी म्हणाली, "घाई नाही." तिनं कुऱ्हाडीनं बर्फात दोन पायऱ्या कोरल्या, दोर धरला, आणि मी पलीकडे गेले. शौर्य वगैरे काही नव्हतं. एक पाऊल होतं.

लहानपणी आमच्या गोठ्यात गाय दाव्याला बांधलेली असायची. ती जाऊ नये म्हणून. बाईच्या काळजीपोटी घरात जे काही बांधलं जातं ते बहुतेक वेळा दावंच असतं. इथेही मला बांधलंच होतं, पण जाता यावं म्हणून, आणि बांधणारीही त्याच दोराला बांधलेली होती. यापुढे कुणी "तुझ्या काळजीनं" म्हटलं की मी एवढंच विचारते, दुसरं टोक कुणाच्या कमरेला आहे?

आता थोडं कडू. मी तिथे विमानानं गेले. त्या विमानाच्या धुराचा वाटा त्या वितळण्यात आहे. जो देश इतक्या निगुतीनं हिमनदी दाखवतो त्याची श्रीमंती समुद्रातलं तेल आणि वायू विकून आलेली आहे. बघायला येणाऱ्यांना दोर, पाटी, वाटाडी सगळं मिळतं. हिमनदीच्या खाली राहणाऱ्यांना काय मिळतं? उत्तराखंडातलं रेणी गाव तुम्हाला माहीत आहे. १९७४ साली गौरादेवी आणि तिथल्या बायका झाडांना बिलगून उभ्या राहिल्या ते हे गाव. ७ फेब्रुवारी २०२१ ला त्याच रेणीच्या वरच्या डोंगरातून खडक आणि बर्फाचा कडा तुटून आला. नदीवरची वीज प्रकल्पांची कामं त्या लोंढ्यानं नेली, दोनशेहून जास्त माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. वरून काय येतंय हे खाली कळवणारी यंत्रणा नव्हती. ज्यांनी जंगल राखलं त्यांना कुणी आपल्या दोरात घेतलंच नव्हतं. पुढे गेलेले पुढेच गेले.

आणि स्वित्झर्लंडच्या बायकांनी केलेली गोष्ट सांगून थांबते. तिथे २०१६ साली म्हाताऱ्या बायकांनी एक संघटना काढली. दोन हजारांहून जास्त सभासद, सरासरी वय सत्तरीच्या पुढचं. त्यांचं म्हणणं साधं होतं: उष्णतेच्या लाटांत आमच्यासारख्या वयस्क बायकांना सर्वांत जास्त धोका आहे, आणि सरकार पुरेसं काही करत नाही. देशातल्या न्यायालयांनी दाद दिली नाही. त्या युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेल्या आणि ९ एप्रिल २०२४ ला जिंकल्या. लोकांनी त्यांना म्हटलं असेलच की आजीबाई, तुम्ही आपल्या लांबून बघा. त्यांनी साऱ्या देशाला म्हटलं, "थांबा. आमच्या चालीनं चाला."

परत आल्यावर मी सिंहगडावर गेले. यजमान बरोबर होते. ते आता सत्तरीचे, त्यांनाही दम लागतो. पहिल्या चढावर ते म्हणाले, "तू हो पुढे, मी येतो."

मी थांबले.