विसरभोळे मूल आणि शाळा
(शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेल्या भाषणावरून)



“काल शिकविलेले आज आठवत नाही,” ही तक्रार शाळाशाळांतून ऐकू येते. वर्गात स्थिर न बसणारे, मध्येच उठणारे, खिडकीबाहेर पाहत राहणारे मूल बहुधा या तक्रारीचे धनी होते. लवकरच त्याच्यावर ‘ढ’ असा शिक्का बसतो आणि काही दिवसांनी ते स्वतःही तो खरा मानू लागते. याच मुलाला मागील वर्षीच्या जत्रेतील पाळण्याचा रंग मात्र पक्का आठवतो. मामाच्या गावापर्यंतचे एस.टी.चे थांबे ते क्रमाने सांगते. मग उणीव कोठे आहे?

ऐकलेली गोष्ट काही क्षण मनात धरून ठेवून तिच्यावर काम करावयाचे, या शक्तीस मानसशास्त्रात कार्यरत स्मृती म्हणतात. ब्रिटनमधील बॅडली व हिच यांनी १९७४ मध्ये तिचे स्वरूप मांडले. ही स्मृती म्हणजे मनातील एक लहानशी पाटी होय. अवधान टिकविण्यात अडचण असलेल्या अनेक मुलांची पाटी अधिकच लहान असते व ती चटकन पुसली जाते. धडा साठविण्यापूर्वीच निसटतो. साठलेला हरवतो असे नव्हे.

“वह्या काढा, तारीख घाला, फळ्यावरची पहिली तीन उदाहरणे उतरवा, सोडवा आणि वही टेबलावर आणून ठेवा.” एका दमात या पाच आज्ञा झाल्या. असे मूल वही काढते आणि थांबते. ते उद्धट नसते. पुढचे चार शब्द त्याच्यापर्यंत टिकलेलेच नसतात. एका वेळी एकच सूचना द्यावी, ती त्याच्याकडून वदवून घ्यावी आणि कामाचा क्रम फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा. एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

पाढ्यांचेच पाहा. लयीत म्हटलेला पाढा सोपा जातो, ही आपल्या जुन्या शाळांची पुण्याई. परंतु ‘सात अठ्ठे किती?’ असे मध्येच विचारले, की मूल ‘सात एके सात’पासून आरंभ करते आणि वाटेत भरकटते. म्हणून नुसती घोकंपट्टी न करता, थोडे सांगून पुस्तक मिटावे व आठवून सांगण्यास लावावे. तेच पुन्हा दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने विचारावे. आठवण्याचा प्रयत्न पुनर्वाचनापेक्षा स्मरण अधिक टिकवितो, हे रोडिगर व कार्पिक यांच्या २००६ मधील प्रयोगांत दिसून आले. पाच-दहा मिनिटांचे छोटे पाठ, मध्ये थोडी हालचाल आणि रात्रीची पुरेशी झोप यांचीही जोड हवी.

संगणकावरील स्मरणखेळांचा मध्यंतरी बराच बोलबाला झाला. त्यांनी खेळातले गुण वाढतात. वाचन-गणितात लाभ फारसा उतरत नाही. बाजारातील ‘बुद्धिवर्धक’ चूर्णांवर पालकांनी पैसे दवडू नयेत. औषध हवे किंवा कसे, हे तज्ज्ञ डॉक्टरांनीच ठरवावयाचे आहे.

शिक्षा तर सर्वथा वर्ज्य होय. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई आहे. शिवाय छडीच्या धास्तीने मुलाची पाटी आणखी भरते, हे वेगळेच.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत अवधानविषयक दोषाचाही अंतर्भाव आहे. पथक शाळेत येईल त्या दिवशी हे मूल हजर राहील, हे शिक्षकांनी पाहावे. पुढील तपासणीसाठी जिल्हा केंद्रात जावे लागल्यास मजुरी बुडते म्हणून पालक टाळतात, तेथे पंचायत सदस्यांनी सोबत करावी. आणि शाळेच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी धडधडत असेल किंवा शाळेच्या वेळेत ध्वनिक्षेपक लागत असेल, तर त्याचा विचार येत्या ग्रामसभेतच करता येईल.