आधी स्वतःचं रक्त तपासा

(भंडारा येथे महाविद्यालयीन युवक-युवतींसमोर केलेलं भाषण)



मित्रमैत्रिणींनो, मला राष्ट्रीय सेवा योजनेवर बोलायला सांगितलं आहे. आपण सगळे तिला एनएसएस म्हणतो. आधी थोडी माहिती सांगते, मग माझी गोष्ट.

महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, तेव्हाचे केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ही योजना सुरू केली. सुरुवातीला 37 विद्यापीठं होती आणि सुमारे 40 हजार विद्यार्थी. नियम साधा आहे. दोन वर्षांत 240 तास समाजात काम करायचं आणि सात दिवस दत्तक गावात शिबिराला राहायचं. बिल्ल्यावर कोणार्कच्या रथाचं चाक आहे. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. आपल्या जिल्ह्यातली महाविद्यालयं ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत, त्याला तुकडोजी महाराजांचं नाव आहे. गाव सुधारावं म्हणून हा माणूस आयुष्यभर खंजिरी घेऊन फिरला.

आता माझी गोष्ट. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. शिबिरासाठी नाव दिलं आणि घरात वादळ उठलं. सात रात्री मुलगी बाहेर राहणार? अम्मी गप्प बसली. अब्बा म्हणाले, "खिदमत करनी है तो मोहल्ले में कम काम है क्या?" मला उत्तर सुचलं नाही. आमच्या कार्यक्रम अधिकारी मॅडम घरी आल्या, चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "तुम्हीच येऊन बघा, मुली कुठे राहतात ते."

अब्बा खरंच आले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या खोल्या बघितल्या, दाराची कडी लावून बघितली. आम्ही नाल्यावर वनराई बंधारा घालत होतो. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत रेती भरायची, तोंड शिवायचं आणि पोती रचायची. आमची शिवण सारखी उसवत होती. अब्बा शिंपी. थोडा वेळ त्यांनी बघितलं, मग एका पोराच्या हातातून दाभण घेतलं. दुपारपर्यंत ते पोती शिवत होते आणि गावातली दोन माणसं त्यांच्याकडून टाका शिकत होती. जेवणाच्या पंगतीत त्यांना पहिल्यांदा बसवलं. परत जाताना एवढंच म्हणाले, "सातवें दिन लेने आऊँगा."

संध्याकाळी आमचं सर्वेक्षण असायचं. विषय होता सिकलसेल. आपल्या पूर्व विदर्भात हा आजार फार आहे. आदिवासी आणि काही अनुसूचित जातींमध्ये त्याचं प्रमाण जास्त, पण इतर समाजांतही तो सापडतो. तो संसर्गाने होत नाही, आईबापाकडून येतो. आई आणि वडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास होत नाही, म्हणून त्याला कळतही नाही.

आम्ही फॉर्म घेऊन बोअरवेलजवळ उभ्या राहिलो. पाणी भरायला आलेल्या बायकांना विचारलं, "तुमच्या घरी सिकलसेल आहे का?" सगळ्यांनी मान हलवली. नाही. पंचवीस फॉर्म भरले, पंचवीसवर 'नाही'. आम्हाला वाटलं, छान काम झालं.

एक म्हातारी बाई मला बाजूला घेऊन गेली. म्हणाली, "चारचौघांत असं कोनी सांगते का? पोरीचं लगन मोडते." मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "तुयं रगत तपासलं का वं?"

नव्हतं तपासलं. तपासावं असं मनातही आलं नव्हतं. हा आजार त्यांचा, आणि मी मदत करायला आलेली. त्या रात्री मला झोप लागली नाही. अब्बांचा प्रश्नही आठवला. आमच्या मोहल्ल्यात तरी कुणी तपासणी केली होती? आम्हीही म्हणायचो, "ये अपनी बीमारी नहीं."

दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं. आम्ही सगळ्या मुली प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो आणि आधी आमचंच रक्त दिलं. गावात ते कळलं. पुढचे तीन दिवस आम्ही फॉर्म घेऊन उभ्या राहिलो नाही. घरात जाऊन बसलो, भाकरी थापू लागलो, विचारलं तेवढंच सांगितलं. शेवटच्या दिवशी काही बायका आपल्या मुलींना घेऊन स्वतःहून तपासणीला आल्या. ती म्हातारीही नातीला घेऊन आली.

माझा निकाल काय आला ते मी सांगणार नाही. तो माझा आहे. हेही तिथंच शिकले. कुणाच्या आजाराची माहिती ही आपल्या अहवालाची शोभा नसते.

आता श्रेयांक मिळतात, प्रमाणपत्र मिळतं. घ्या, त्यात गैर काही नाही. पण 240 तास भरले की सेवा झाली असं समजू नका. आपल्याकडे खिदमतीची सवय आहे. रमजानमध्ये रेशनचे किट वाटतो, कुणाला रक्त लागलं तर अर्ध्या रात्री दवाखान्यात पोहोचतो. ते चांगलंच आहे. पण तिथं आपण देणारे असतो आणि समोरचा घेणारा. शिबिरात मला पहिल्यांदा कळलं की ज्याला मदत करायला जातो, त्याला आपल्याहून जास्त ठाऊक असतं. आणि अनोळखी गावात सात दिवस राहिलं की त्या गावालाही आपण कळतो. अब्बांचा टाका त्या गावात अजून कुणाला तरी येत असेल.

म्हणून माझं मागणं छोटं आहे. मुलींनो, घरचे नाही म्हणाले तर त्यांना शिबिर बघायला बोलवा. मुलांनो, बहिणीसाठी घरात तुम्ही बोला. आणि गावात जाण्याआधी प्रत्येकाने स्वतःची सिकलसेल तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. निकाहची बोलणी होतात तेव्हा पगार विचारतो, घर विचारतो. हा कागदही दोन्हीकडून मागा. कुणाला नाकारण्यासाठी नाही, तर डॉक्टरांचा सल्ला वेळेत घेता यावा म्हणून.

अब्बांच्या प्रश्नाचं उत्तर मला उशिरा सापडलं. मोहल्ल्यात काम भरपूर आहे. ते कसं करायचं, हे मात्र मी त्या गावात शिकले.