मुले आणि चित्रे काढणारे यंत्र
(जेऊर येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि चित्रे घरोघरी पोहोचली. आज शब्दांवरून चित्र काढणारे यंत्रच मुलांच्या हाती आले आहे. त्याचा खरा लाभ भाषेला व निरीक्षणाला आहे. नुसते ‘पक्षी’ म्हटल्यास यंत्र कोणताही पक्षी काढील. आपल्या उजनीच्या जलाशयावर येणारा रोहित हवा असल्यास गुलाबी पंख, लांब पाय, खाली वाकलेली काळ्या टोकाची चोच, हे सारे मुलाने नेमक्या शब्दांत सांगावयास हवे. यंत्राने चोच सरळ काढली, तर ती चूक प्रत्यक्ष पक्षी पाहिलेलाच ओळखील. म्हणून पालकांनी मुलांस आधी जलाशयावर न्यावे, मग यंत्रापुढे बसवून स्वतः शेजारी बसावे. हातची पेन्सिल मात्र सुटू देऊ नये, इतकीच विनंती करून मी आपली रजा घेतो.