उंचीची साक्ष



श्रीचन्नबसवेश्वरांच्या समाधीने पावन झालेल्या या उळवीत, ज्यांच्या स्मृत्यर्थ आपण जमलो आहोत ते गुरुजी आम्हांस नेहमी विचारीत, "हे तुला कोणी सांगितले? आणि त्याला कोणी सांगितले?"

विमानातील ट्रान्स्पाँडर जमिनीवरील रडारच्या पृच्छेस उत्तर देतो. त्याचा अँटेना बहुधा विमानाच्या पोटाखाली असतो. तिथवरची केबल आखूड व तीव्र वळणाविना हवी, नाहीतर संदेश क्षीण होतो. उंची मात्र कळते ती विमानाच्या कुशीतील बारीक छिद्रांतून नळीने येणाऱ्या हवेच्या दाबावरून. म्हणून जोडणी हवाबंद हवी. केबिनमध्ये दाब न राखणाऱ्या लहान विमानात उंचीमापक १,००० फूट चढेल इतकी हवा ओढून नळी बंद केली, तर मिनिटभरात १०० फुटांहून अधिक घसरण चालत नाही.

२ ऑक्टोबर १९९६ रोजी पेरूच्या एका विमानाची ही छिद्रे, सफाईच्या वेळी लावलेल्या चिकटपट्टीने, झाकलेलीच राहिली. रात्री वैमानिकांनी उंची विचारली. लिमाच्या नियंत्रकाने पडद्यावरचा आकडा वाचला: सुमारे ९,७०० फूट. तो विमानाच्याच चुकीचा प्रतिध्वनी होता. विमान समुद्रात कोसळले. ७० जण गेले.

साक्षी दोन होत्या, उगम एकच. मीही एकदा, चार ग्रंथ एकमुखाने सांगतात म्हणून एका विद्यार्थ्यास चूक ठरविले होते. ते चारही एकाच ग्रंथावरून उतरलेले निघाले. गुरुजींचा दुसरा प्रश्न मी विसरलो होतो. तो आपण विसरू नये, एवढीच प्रार्थना.