फोटोखालची ओळ

(पुण्यातील युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मघाशी माझी ओळख 'सॉफ्टवेअर इंजिनिअर' अशी करून दिली. ती खरीच आहे, पगार त्याचाच येतो. पण आज मी बोलणार आहे ते त्याआधीच्या कामाबद्दल. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षापासून जवळजवळ पाच वर्षं मी पुण्यातल्या एका स्थानिक दैनिकासाठी फोटो काढत होतो. नोकरी नव्हती. फोटो छापून आला तर त्याचे पैसे, नाही तर पेट्रोल आपलं. अब्बांच्या एका दोस्ताकडून हप्त्यावर घेतलेला निकॉनचा जुना कॅमेरा आणि भाईजानची स्प्लेंडर, एवढं भांडवल.

माझ्या वाट्याला कुठली कामं यायची ते तुम्ही ओळखलंच असेल. "तुमच्यातलं आहे, तूच जा." गोळीबार मैदानावरची ईदची नमाज, ईद-ए-मिलादचा जुलूस, मोहरमचे ताबूत, रमजानमध्ये मोमिनपुऱ्यातल्या खाण्याच्या गाड्या, आणि पुढाऱ्यांच्या इफ्तार पार्ट्या, जिथे पाहुण्यांच्या डोक्यावरची टोपी काही केल्या नीट बसत नाही. मी तक्रार केली नाही. आपल्या मोहल्ल्यात मला कुणी अडवत नव्हतं, आणि पेपरात नाव येतं म्हणून अम्मी खूश होती.

ईदचा फोटो मी चार वर्षं काढला. चारही शेजारी ठेवले तर कुठला कुठल्या वर्षाचा ते मलाच सांगता येणार नाही. उंचावरून सजद्यातल्या रांगा, आणि नमाजनंतर गळाभेट घेणारी दोन लहान मुलं. मुलं गळाभेट घेत नसतील तर आम्ही फोटोग्राफर त्यांना घ्यायला लावायचो. मीही लावलीय, कबूल करतो. आणि खाली ओळ कायमचीच: 'मुस्लिम बांधवांनी एकमेकांना शुभेच्छा दिल्या.' मराठी पेपरात आपण ईदला 'बांधव' असतो. बांधवाला नाव नसतं, पेठ नसते, धंदा नसतो.

हे मला पहिल्यांदा खटकलं ते पालखीच्या वेळी. ज्ञानोबांच्या पालखीचा मुक्काम भवानी पेठेत, तुकोबांच्या पालखीचा नाना पेठेत. दोन्हीकडे आजूबाजूला आपली जुनी वस्ती आहे. तिथे एक शिलाईकाम करणारे चाचा दोन दिवस मशीन रस्त्यावर मांडून वारकऱ्यांच्या पिशव्यांचे तुटलेले बंद फुकट शिवून देत होते. मी फोटो काढला, नाव विचारलं, किती वर्षं करताय विचारलं, सगळं लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी फोटो चांगला मोठा छापून आला. खाली ओळ: 'मुस्लिम बांधवांकडून वारकऱ्यांची सेवा.' नाव कापलं होतं. डेस्कवर विचारलं तर म्हणाले, "अरे, असंच जास्त छान वाटतं." चाचांनी ते कात्रण दुकानात लावलं, आणि फोटोखाली बॉलपेनने स्वतःचं नाव लिहिलं.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. त्यासाठीच खरं तर आलोय.

२०१४ च्या रमजानमध्ये पावसाची भुरभुर होती. कॅम्पात संध्याकाळी खरेदीची गर्दी. मी तीन बायकांचा पाठीमागून फोटो काढला. बुरखे, हातात पिशव्या, समोर दुकानांचे दिवे ओल्या रस्त्यावर पडलेले. फोटो सुंदर होता, अजूनही वाटतं. पाठमोरा काढला कारण चेहरा आला की विचारावं लागतं, नाव लिहून घ्यावं लागतं, आणि मला घाई होती. ऑफिसात येऊन फाइलमध्ये माहिती भरली. तुमच्यापैकी कॉम्प्युटरवाल्यांना माहीत असेल, फोटोच्या फाइलच्या आतच तारीख, ठिकाण, ओळ आणि शोधायचे शब्द भरायची सोय असते. शोधायच्या शब्दांत मी भरलं: मुस्लिम, महिला, बुरखा, पुणे. 'रमजान' आणि 'खरेदी' भरायचं राहून गेलं.

२२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी तलाक अवैध ठरवला. तीन विरुद्ध दोन असा निकाल. आपण इथे बसलेल्या बहुतेकांनी त्याचं स्वागतच केलं. तोवर मी आयटीत लागलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बससाठी उभा असताना शेजारच्या माणसाच्या हातातल्या पेपरात बातमीसोबत माझा फोटो दिसला. त्याच तीन बायका. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'संग्रहित'.

आठवड्याने त्यातली एक बाई आमच्या घरी आल्या. गणिताच्या शिक्षिका. त्यांच्या हातातली पिशवी शाळेची होती, ती वर्गातल्या मुलींनी ओळखली. मुलींनी घरी सांगितलं, घरांनी गल्लीत. त्यांचे शौहर आदल्या वर्षी वारले होते. आता लोक विचारत होते, आधी तलाक झाला होता का? त्या रागावल्या नाहीत. अम्मीने दिलेला चहा हातात धरून मला एवढंच म्हणाल्या, "बेटा, मेरे को किसने छोडा? वो तो गुजर गए."

मी दैनिकात फोन केला. डेस्कवरच्या मुलाला माझं नावही माहीत नव्हतं. त्याने रात्री दहाला 'मुस्लिम महिला' टाइप केलं, जे वर आलं ते लावलं. सर्चचा दोष नाही. मी जे भरलं तेच त्याने बाहेर काढलं. मी आपाला सांगितलं की संपादकाला लेखी कळवा. उत्तर पटलं नाही तर छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. त्या नको म्हणाल्या. फोटो पुन्हा वापरणार नाही असं मला तोंडी सांगण्यात आलं. जुलै २०१९ मध्ये तलाकचा कायदा संसदेत मंजूर झाला, तेव्हा तो वेबसाइटवर पुन्हा होता.

आपापेक्षा कितीतरी मोठी किंमत मोजलेला माणूस तुम्ही फोटोत पाहिलाय. २००२ मध्ये अहमदाबादला हात जोडून उभे असलेले कुतुबुद्दीन अन्सारी. फोटो रॉयटर्सच्या अर्को दत्तांचा. त्या फोटोने जगाला दंगल दाखवली, ते काम मोठंच होतं. पण अन्सारी शिंपीकाम करून जगणारा माणूस. आपल्या मालेगावात येऊन राहिले, तिथेही लोकांनी ओळखलं, काम गेलं. पुढे राजकीय पक्षांनी तो चेहरा त्यांना न विचारता वापरला.

फक्त पेपरवाल्यांनाच बोलणं बरोबर नाही. दहावीच्या निकालाला मी एका मुलीच्या घरी गेलो. वडील म्हणाले, "फोटो नको, नाव लिहा." वाद घातला नाही. मी आद्याक्षर आणि आडनाव लिहिलं, तर आतून मुलगीच म्हणाली, "भाई, पूरा लिखो." आणि आपल्या चळवळीचंही सांगतो. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी सात महिलांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला. त्याचा फोटो मी अनेकदा छापलेला पाहिलाय. ओळीत दलवाईंचं नाव असतं आणि 'सात' हा आकडा असतो. त्या सातजणींची नावं सलग लिहिलेली ओळ माझ्या पाहण्यात आलेली नाही. इथल्या ज्येष्ठांकडे असतील तर आज मला लिहून द्या.

हल्ली मी रविवारी फोटो काढतो, पैशासाठी नाही. पाठमोरा काढत नाही. नाव, काम आणि पेठ विचारल्याशिवाय फाइल सेव्ह करत नाही. संपादकाला पाठवताना ओळीत नाव पहिल्या शब्दात घालतो, कारण डेस्कवाले कापताना शेवटून कापतात. हे अनुभवाचं आहे, लक्षात ठेवा. आपांचाही काढलाय, वर्गात, फळ्यासमोर. त्यांनी ओळ स्वतः सांगितली आणि दोनदा दुरुस्त केली. तो अजून कुठे छापून आलेला नाही.

उद्या सकाळी सात वाजता आपण गंज पेठेत फिरायला जाणार आहोत. फोन सगळ्यांकडे आहेतच, चार्ज करून आणा. आणि प्रत्येकाने एक वही आणा.