कागदावर पेट्रोल, बॉनेटखाली डिझेल

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा गावाकडे जाताना नेटवर्क जातं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. मधलं "अं... म्हणजे..." काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय माझ्या मामाची जीप. १९६८ ची, उंच बॉनेटवाली, पेट्रोलची. म्हणजे कागदावर पेट्रोलची. १९९७ पासून तिच्यात डिझेल इंजिन आहे आणि ही गोष्ट सरकारला कोणीच सांगितलेली नाही.

मामांचं गाव सिंदेवाही आणि मूलच्या मधे. धानाचा पट्टा. शेत मामा तलावाच्या खाली. पुण्या-मुंबईच्या लोकांसाठी सांगतो, मामा तलाव म्हणजे माझ्या मामांचा तलाव नाही. माजी मालगुजारी, त्याचा शॉर्टफॉर्म मामा. आमच्याकडे असे तलाव गावोगावी आहेत.

मी हिंजवडीत कोड लिहितो. दोन वर्षांपूर्वी मामा म्हणाले, "घेऊन जा बाबू ते गाडी, माझ्याच्यानं आता क्लच दाबल्या जात नाही." मला आकाश ठेंगणं झालं. डोक्यात प्लॅन तयार होता: जुनं इंजिन काढायचं, स्कॉर्पिओचं कॉमन रेल बसवायचं आणि अलापल्ली, हेमलकसा, भामरागड करत फिरायचं. त्या प्लॅनचं काय झालं ते पुढे येतंच.

आधी डिझेल का, ते बघू. ऑफरोडिंगचे व्हिडिओ बघून वाटतं की ताकदीसाठी. तसं नाहीये. विलीजचं जे पेट्रोल इंजिन होतं, हरिकेन, ते २१९९ सीसीचं आणि सत्तरच्या वर हॉर्सपॉवरचं. मामांनी त्या जागी बसवलं प्यूजोचं एक्सडीपी, २११२ सीसी, साठेक हॉर्सपॉवर. म्हणजे ताकद कमी झाली! तरी गावात सगळे म्हणायचे, गाडी आता दमदार झाली. कारण साधं आहे. पेट्रोल सात किलोमीटर द्यायचं, डिझेल बारा, आणि तेव्हा डिझेल कितीतरी स्वस्त होतं. पेट्रोलचे दर सरकारने २०१० मध्ये मोकळे केले, डिझेलचे २०१४ मध्ये. त्याआधीच्या काळात ज्याच्या दारात पेट्रोल जीप होती, तो प्रत्येक जण हाच हिशोब करत बसलेला असायचा.

दुसरं कारण पाणी. पेट्रोल इंजिनला ठिणगी लागते. डिस्ट्रिब्युटरमध्ये पाणी गेलं की नाल्याच्या मधोमध गाडी बंद. जुन्या डिझेलला ठिणगीच नसते. हवा वीस पटींहून जास्त दाबायची, ती तापते, त्यात डिझेल फवारलं की पेटतं. एकदा सुरू झालं की बॅटरी काढून टाकली तरी चालत राहतं. चंद्रपूर-गडचिरोलीत पावसाळा म्हणजे काय हे सांगायला नको. पर्लकोटेला पूर आला, भामरागडचा संपर्क तुटला, ही बातमी दर वर्षी येते. (फक्त एक लक्षात ठेवा, हवेच्या फिल्टरमधून पाणी आत गेलं तर डिझेल जास्त वाईट मरतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.)

आणि हा उद्योग काही आमच्या मामांनी शोधलेला नाही. महिंद्रांनी चाळीसच्या दशकाच्या शेवटी मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, ती पेट्रोलची. १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टर कंपनी काढली. पुढे त्याच घराण्यातलं ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन जीपमध्ये आलं. विचार करा, ट्रॅक्टरचं इंजिन जीपमध्ये! मग ऐंशीच्या दशकात फ्रान्सच्या प्यूजोचा परवाना घेऊन एक्सडीपी इंजिन इगतपुरीला बनायला लागलं आणि एमएम ५४० मध्ये बसलं. म्हणजे कंपनीने स्वतःच दोनदा इंजिन बदललं. फरक एवढाच की कंपनीने गिअर, रेडिएटर, माउंटिंग आणि कागद, सगळंच बदललं. गॅरेजवाल्याने फक्त इंजिन बदललं.

मामांचं इंजिन आलं अपघातात गेलेल्या एका कमांडरमधून. तेव्हा आमच्याकडे काळी-पिवळी म्हणजे कमांडर. मिस्त्रीने आठ दिवसांत बसवून दिलं. यातली खरी कारागिरी कुठे आहे माहितीये? इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधली लोखंडी प्लेट. दोन वेगवेगळ्या कुळांच्या वस्तू जोडायच्या, तर त्यांच्या बोल्टची भोकं जुळत नाहीत. म्हणून लेथवाल्याकडून जाड प्लेट कापून घ्यायची, एका बाजूला इंजिनची भोकं, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सची. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत यायला हवा. डोळ्यांना दिसतही नाही इतका फरकसुद्धा चालत नाही.

मामांच्या जीपमध्ये दर दोन वर्षांनी गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग जायचं. पंचवीस वर्षं. "माल डुप्लिकेट येते आजकाल," असं मामा म्हणायचे. मी आणि नागपूरचा एक मित्र, तो मेकॅनिकलवाला, आम्ही डायल गेज लावून मोजलं. जवळपास अर्धा मिलिमीटर फरक. मूळ बग १९९७ चा आणि आम्ही दर दोन वर्षांनी सर्व्हर रीस्टार्ट करत होतो.

बाकीचं पण ऐका. चावी फिरवून डिझेल बंद होत नाही, डिझेलचा पुरवठाच तोडावा लागतो. म्हणून डॅशबोर्डखाली एक दोरी होती, ती ओढली की इंजिन बंद. लहानपणी ती ओढायला आमच्यात भांडणं व्हायची. वायपर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालायचा. डिझेलमध्ये तसा व्हॅक्यूम तयार होत नाही, त्यामुळे वायपर त्याच दिवशी मेला. पुढची सगळी वर्षं पावसात मामा डाव्या हाताला बसलेल्याला सांगायचे, "पूस रे". जे लोक जिप्सीत डिझेल टाकायचं म्हणतात त्यांनी हे नीट ऐका. जिप्सी भारतात कंपनीने पेट्रोलमध्येच विकली. तिच्या ब्रेकचा बूस्टर त्याच व्हॅक्यूमवर चालतो. वेगळा व्हॅक्यूम पंप लावला नाही तर वायपर नाही, ब्रेक जातो. पेडल दगडासारखं होतं. आणि डिझेल जड असतं, पुढचे पाटे बसतात, नाक खाली जातं.

मग माझ्या स्कॉर्पिओवाल्या प्लॅनचं काय? मित्राने कागदावर दोन आकडे लिहिले. हरिकेनचा टॉर्क दीडशे न्यूटन-मीटरच्या आसपास. एमहॉकचा दोनशे ऐंशीच्या घरात. "तुझा तीन गिअरचा डबा पहिल्याच चढावर हातात येईल," म्हणाला. म्हणजे गिअरबॉक्स बदला. मग ट्रान्सफर केस, मग अ‍ॅक्सल, मग ब्रेक. वर ईसीयू, इमोबिलायझर, पेडलचा सेन्सर, सगळं वायरिंग. ज्या कारणासाठी जंगलात डिझेल हवं होतं, म्हणजे वायर नाही, झंझट नाही, तेच कारण गायब. मी दिवसभर ऑफिसात लॉग वाचतो, नाल्यात उभं राहून परत लॉग वाचायची हौस नाही.

तरी मी केलंच असतं. अडलं कागदावर.

आरसीची मुदत २००३ मध्ये संपली होती. गाडी शेत, राइस मिल आणि आठवडी बाजार एवढीच फिरायची, म्हणून मामांनी नूतनीकरण केलंच नाही. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी गाडी दाखवायची. तपासणीत चेसिस नंबर आणि इंजिन नंबर बघतात. आरसीवर पेट्रोल, इंजिन नंबर विलीजचा. बॉनेट उघडलं की प्यूजो.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ काढून वाचलं. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. इंजिन बदलायला मनाई नाही, पण परवानगी घेऊन आणि त्याच मेकचं, त्याच प्रकारचं. सीएनजी किंवा बॅटरीसाठी मंजूर किटची वाट आहे, पण दुसऱ्या गाडीतून काढलेलं डिझेल इंजिन म्हणजे मंजूर किट नव्हे. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं: मालकाने बेकायदा बदल केला तर प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

दंडाचं मला फार वाटलं नाही, खरं सांगतो. मला भीती वाटली ती बाजाराच्या दिवसाची. मामा कोणालाच नाही म्हणत नाहीत. मागे आठ माणसं, दोन शेळ्या, शाळेतली पोरं. त्या गाडीचा विमा नाही, आणि काढला तरी बॉनेट उघडल्यावर विमा कंपनी हात वर करणार. नाल्यात गाडी उलटली असती तर मामांची शेती विकली गेली असती.

हे मी मामांना सांगायला गेलो. मामा बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "तुले माहीत हाय का, नंदू कसा झाला?" नंदू म्हणजे माझा मामेभाऊ. जुलैची रात्र, मामींना कळा सुरू झालेल्या, नाल्याला कमरेएवढं पाणी. नागभीडमार्गे ब्रह्मपुरीला नेलं त्याच गाडीने. "पेट्रोल असतं तर नाल्यातच बंद पडलं असतं. आन तू म्हणतं इंजिन चुकीचं."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. त्या रात्रीसाठी ते इंजिन बरोबरच होतं.

दोन महिने विषय बंद. मग दिवाळीत मामींनीच सांगितलं की जुनं पेट्रोल इंजिन विकलंच नव्हतं. धानाच्या कोठीमागे, पोत्यांखाली पडलेलं. रॉकेलने घासून नंबर वाचला. एकेक आकडा आरसीशी जुळत गेला. मी उकिडवा बसलेलो, मोबाईलचा टॉर्च तोंडात, आणि मामा मागून आकडे म्हणत होते. कागद त्यांना पाठ होता!

पुढचं थोडक्यात. ब्लॉक नागपूरला रिबोअर केला. क्रँक ग्राइंड केला. कार्बोरेटरचे रबर आणि पाइप सगळे नवीन, कारण आता पंपावरचं पेट्रोल इथेनॉल मिसळलेलं असतं, जुनं रबर ते खातं. प्लेट काढून टाकली. इंजिन गिअरबॉक्सला असं बसलं जसं काही मधे काही झालंच नव्हतं. डिस्ट्रिब्युटरवर मित्राने रबरी टोपी बनवून दिलीये, ती नाल्यात किती टिकते ते पावसाळ्यात कळेल. खर्च माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढा. मायलेज परत सात. मुदत उलटल्याचा दंड भरला, तपासणीला गाडी उभी केली, बॉनेट उघडलं. नंबर जुळला.

सुरू केली तेव्हा मामा शेजारी बसले होते. "चालू हाय का बे हे? आवाजच नाही." मग वायपर लावला. तो हलला. पंचवीस वर्षांनी. मामा त्याच्याकडे बघत राहिले, पाऊस नव्हता तरी बंद करू देईनात.

प्यूजोचं काय केलं विचाराल, तर ते बोडीच्या काठावर आहे. लोखंडी स्टँड वेल्ड करून त्याला पाण्याचा पंप जोडलाय. रोवणीच्या वेळी पाऊस ओढ देतो तेव्हा तेच बांध्यांना पाणी देतं. त्याला आरसी लागत नाही. बंद करायची दोरी तीच जुनी ठेवलीये, आणि ती आता नंदूची पोरगी ओढते.