वकिलीतील इंग्रजी शब्द आणि आपली सही

(मंडळाच्या विद्यार्थी मार्गदर्शन वर्गात दिलेले व्याख्यान)



आम्ही वकील नाही, बँकेत कारकून आहोत. तरीही वकिलीतल्या इंग्रजी शब्दांवर बोलायला उभे राहिलो, कारण या शब्दांनी फसलेली माणसे काउंटरवर आम्हाला नेहमी भेटतात.

आमच्या मामांचेच उदाहरण सांगतो. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर फंडाचे पैसे घालून त्यांनी बदलापूरला चाळीत खोली घेतली. स्टॅम्पपेपरवर इंग्रजीत ‘पॉवर ऑफ ॲटर्नी’ लिहिलेले, खाली नोटरीचा लाल शिक्का. मामा म्हणाले, “ॲटर्नी म्हणजे वकील. वकिलाचा कागद, पक्कं काम!” पुढे मूळ मालक वारला, मुलांनी हक्क सांगितला आणि मामांना कोर्टाची पायरी चढावी लागली.

अमेरिकेत वकिलाला ॲटर्नी म्हणतात हे खरे. पण या कागदावर ॲटर्नी म्हणजे मुखत्यार, दुसऱ्याच्या वतीने काम करणारा माणूस. मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली सुरज लॅम्प प्रकरणात हे स्पष्ट सांगितले. नोटरीसमोर केलेला कागदही नोंदणीचा होत नाही. सही कोणी केली, एवढ्यालाच नोटरी साक्ष असतो. घराचे खरेदीखत दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातच नोंदवावे लागते.

आता वकिलांची नावे पाहू. लॉयर हा मोघम शब्द आहे, कायदा शिकलेल्या कोणालाही तो लावतात. ॲडव्होकेट म्हणजे बार कौन्सिलची सनद घेतलेला वकील. 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टनंतर आपल्याकडे वकिलांचा हा एकच वर्ग उरला. सरकारतर्फे फौजदारी खटला चालवतो तो पब्लिक प्रॉसिक्युटर, दिवाणी काम पाहतो तो गव्हर्नमेंट प्लीडर. आपण वकिलाला नेमतो तो कागद वकालतनामा. प्रतिज्ञेवर खरे म्हणून लिहून देतो ते ॲफिडेव्हिट. त्यात खोटे लिहिणे हा गुन्हा आहे, म्हणून न वाचता त्यावर सही करू नये.

आणि बॅरिस्टर? हा शब्द आपल्या घराघरात बाबासाहेबांमुळे पोचला. ‘बार’ म्हणजे न्यायालयातला कठडा. इंग्लंडमध्ये त्या कठड्यापाशी उभे राहून बाजू मांडण्याचा अधिकार ज्याला मिळे, तो बॅरिस्टर. लंडनच्या ग्रेज इन या संस्थेतून बाबासाहेबांना तो 1922 साली मिळाला. मुंबईत वकिली सुरू करताना सनदेसाठी पैसे नव्हते, तेव्हा नवल भथेना हे मित्र मदतीला आले. पण अडचण तिथेच संपली नाही. त्या काळी मोठी कामे सॉलिसिटरांच्या हातून बॅरिस्टरांकडे येत. अशा सोपवलेल्या कामाला ‘ब्रीफ’ म्हणतात. जातीमुळे बाबासाहेबांना ब्रीफ मिळेनात. एवढी विद्वत्ता असलेल्या माणसाला खालच्या कोर्टांतील साध्या कामांवर संसार चालवावा लागला, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये.

महाडचा दावा तर शब्दकोशासारखा वाचावा. चवदार तळे आपले खासगी आहे, असे म्हणत काही सवर्णांनी 1927 च्या डिसेंबरात दावा लावला. ते वादी, म्हणजे ‘प्लेंटिफ’. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी प्रतिवादी, म्हणजे ‘डिफेंडंट’. कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला, त्याला ‘इंजंक्शन’ म्हणतात. बाबासाहेबांनी तो पाळला आणि लढाई कोर्टात नेली. महाडला निकाल आपल्या बाजूने लागला. वादींनी ‘अपील’ केले, ते आपल्याच ठाण्याच्या न्यायालयात फेटाळले गेले. शेवटी 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही त्यांना नाकारले. जवळजवळ दहा वर्षे एकेका शब्दावर ही लढाई चालली.

शेवटचा शब्द ‘लीगल एड’, म्हणजे मोफत कायदेविषयक मदत. 1987 चा यासंबंधीचा कायदा 1995 साली अमलात आला. अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न घालता या मदतीचा हक्क आहे. 1990 च्या दुरुस्तीने धर्मांतरित बौद्धही अनुसूचित जातींत मोडतात. म्हणजे हा हक्क आपलाही आहे. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. हे शब्द मामांना ठाऊक असते, तर ते आधी कर्ज काढून दावा लढले नसते.

विद्यार्थ्यांना एकच विनंती. घरात इंग्रजी कागद आला की आई-वडिलांना तो मराठीत वाचून दाखवा. न कळलेला शब्द वहीत उतरवा, माहितगाराला विचारा, आणि मगच सही होऊ द्या. आपल्या आजोबांच्या अंगठ्यावर लोकांनी जमिनी लाटल्या. आपण सही करायला शिकलो. आता सहीच्या वरचे वाचायला शिकू या.

जयभीम! नमो बुद्धाय!